सहावी जोडी

१

चव्वेचाळिसाव्या वर्षी चष्मेवालीने पोहायला शिकायचं काढलं, तेव्हा घरात सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. नवरा म्हणाला, "अगं, आंघोळीचं पाणी बघायलासुद्धा तू आधी एक बोट बुडवतेस. तू काय पोहणार?" सासूबाईंनी ज्या नजरेने पाहिलं त्यात सगळं आलं.

चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम ती वीस वर्षं करत होती, म्हणून आजूबाजूचे तिला चष्मेवालीच म्हणत. तिचा स्वतःचा नंबर उणे नऊ. चष्मा काढला की वीतभर अंतराच्या आतलं तेवढं लख्ख दिसायचं, बाकी जग म्हणजे पिठाची परात सांडल्यासारखं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

पण पोहायचं तिने हौसेने काढलं नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात तळ्याच्या पायरीवरून तिची नऊ वर्षांची मुलगी पाण्यात पडली होती. पुढच्या दोन दातांमुळे तिला घरात सगळे खारू म्हणत. खारू तीन वेळा वर आली, तीन वेळा खाली गेली, आणि चष्मेवाली काठावर नुसती उभी राहिली. पाय उचललाच नाही. शेवटी कोणा अनोळखी माणसाने उडी घेऊन पोरीला काढलं. त्याने तिला आईच्या हातात दिलं तेव्हा तो काही वाईट बोलला नाही, आणि तेच तिला अजून डाचत होतं. खारू तेव्हापासून डोक्यावर पाणी घेईना. एक दिवस आई तिला म्हणाली, "आधी मी शिकते. मग तुला मी शिकवते. मग तर झालं?" खारूने मान डोलावली. दिलेला शब्द आता मागे घेता येत नव्हता.

तलाव एका जुन्या व्यायामशाळेच्या तळघरात होता. एकवीस पायऱ्या खाली उतरायच्या, मग एक लोखंडी दार. छताला लागून आडव्या खिडक्या होत्या आणि त्यांतून रस्त्यावरच्या लोकांची फक्त पावलं दिसायची. दुपारी तीनचा वर्ग बायकांचा. सगळ्यांना पिवळ्या टोप्या. शिकवणाऱ्या बाईंच्या गळ्यात कायम शिट्टी, म्हणून त्यांचं नाव शिट्टीबाई. वर्ग सुरू झाला की त्या दाराला आतून कडी घालत.

"नियम एकच," पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं. "मी शिट्टी वाजवली की जिथे असाल तिथे थांबायचं, शेजारणीचा हात धरायचा आणि वर करायचा. मी जोड्या मोजणार. डोकी मोजत नाही मी, पाण्यात सगळी डोकी सारखीच. जोड्या भरल्या की दुसरी शिट्टी, तेव्हाच हात सोडायचा. जोडी कमी भरली तर कोणीही पाण्याबाहेर यायचं नाही. कळलं?"

सगळ्यांना कळलं. नियम चांगलाच होता.

२

पहिली शिट्टी पाचच मिनिटांत वाजली. चष्मेवाली कमरेएवढ्या पाण्यात कडेची दांडी धरून, थंडीने दात वाजवत उभी होती. समोर एक नणंद आणि भावजय होत्या. घरी त्यांच्यात विस्तवही जात नसणार असं त्यांच्या बोलण्यावरून वाटायचं, पण पाण्यात त्या एकमेकींना चिकटून असत. पलीकडे जुन्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली परिचारिका होती, तिला सगळ्या सिस्टर म्हणत. तिची जोडी बेकरीवालीशी. बाकीच्याही कुणाकुणाशी जुळलेल्या. नव्या माणसाची होते तशी चष्मेवालीची पंचाईत झाली. तिने उजवा हात नुसताच पाण्यात पसरला.

हात मिळाला. तिने तो वर केला.

"सहा," शिट्टीबाई म्हणाल्या. "बरोबर."

शेजारी पिवळ्या टोपीचा एक ठिपका होता. चष्मेवाली त्या दिशेने हसली. "मी नवीन आहे हं," ती म्हणाली. उत्तर आलं नाही. काही बायका लाजऱ्या असतात.

काचेवर केसाएवढा ओरखडा असला तरी तो तिच्या बोटांना डोळ्यांआधी कळायचा, इतकी ती बोटं कामाला सरावलेली होती. म्हणूनच तिला ते जाणवलं. धरलेल्या हाताच्या बोटांना सुरकुत्या होत्या. म्हातारपणाच्या नव्हेत, पाण्याच्या. फार वेळ धुणं धुतल्यावर पडतात तशा, मऊ आणि फुगलेल्या. पाण्यात उतरून तर पाचच मिनिटं झाली होती.

असेल, आधीच्या वर्गापासून पाण्यात असेल, असं तिने मनाशी म्हटलं. दुसरी शिट्टी वाजली. तो हात सुटला, पण सगळ्यांच्या नंतर.

३

तिसऱ्या आठवड्यात ती तरंगायला शिकली. पाठीवर झोपायचं, कान पाण्यात, छाती वर, आणि जीव मुठीत धरून छताकडे बघायचं. पाठीखाली एक हात होता. त्या हाताच्या भरवशावर तिने आधी मान सोडली, मग कंबर, मग पाय. शेवटी मनही सोडलं, आणि खरंच, पाण्याने तिला धरलं. किती बरं वाटलं म्हणून सांगू! लहान मुलासारखी ती खुदकन हसली.

"बघा, जमलं की नाही!" शिट्टीबाईंचा आवाज आला.

"तुम्ही धरलं होतंत म्हणून," ती म्हणाली.

"मी? मी इथे काठावर आहे कधीची."

आवाज खरंच काठावरून आला होता. चष्मेवाली धडपडत उभी राहिली, नाकातोंडात पाणी गेलं. आजूबाजूला पिवळे ठिपके इकडे तिकडे हलत होते. जवळ कोणी नव्हतं, म्हणजे वीतभर अंतरात कोणी नव्हतं. त्यापलीकडचं तिला काय कळणार.

त्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत तिने आधी चष्मा लावला, मग टॉवेल घेतला, आणि मोजलं. नणंद, भावजय, सिस्टर, बेकरीवाली, शिलाई शिकवणाऱ्या दोघी जुळ्या, तीन शिक्षिका आणि त्यांची एक शेजारीण. दहा. ती स्वतः अकरा. तिने स्वच्छतागृहात डोकावून पाहिलं, मोरीत पाहिलं. मग परत मोजलं. गणित काही तिचं कच्चं नव्हतं, आणि अकराला दोनने भाग जात नाही हे खारूलासुद्धा ठाऊक होतं.

शिट्टीबाई हजेरीची वही बंद करत होत्या. "बाई, आपण किती जणी आहोत?" तिने विचारलं.

"अकरा."

"मग सहा जोड्या कशा होतात?"

शिट्टीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, कीव आल्यासारखं. "जोड्या बरोबर भरतात ना? माझ्या वीस वर्षांत एकदाही जोडी कमी भरलेली नाही. तुम्ही पायाच्या हालचालीकडे लक्ष द्या. गुडघे फार वाकतात तुमचे."

४

दुसऱ्या दिवशी तिने ठरवलं, हात धरायचाच नाही. शिट्टी वाजली तशी तिने दोन्ही हात काखेत घट्ट दाबून घेतले.

"पाच," शिट्टीबाई म्हणाल्या. "कोण राहिलं?"

पाणी गार होतं आणि उभं राहिल्यावर ते जास्तच गार लागायचं. वर खिडकीतून कोणाचे तरी बूट गेले. मग एक सायकलचं चाक गेलं.

"एक जोडी कमी आहे. कोणीही बाहेर यायचं नाही."

पाच मिनिटं झाली, दहा झाली. भावजयीचे दात वाजायला लागले. "कोण गं ती शहाणी? आमची कुल्फी करणार आहेस का?" नणंद म्हणाली. एक शिक्षिका पायऱ्यांकडे निघाली, तर शिट्टीबाईंनी अशी शिट्टी फुंकली की ती बिचारी जागीच थिजली.

"मला जोडी नाहीये!" शेवटी चष्मेवाली ओरडली. "आपण अकरा आहोत!"

"असं काय करता? आहे की तुमची जोडी," शिट्टीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता. "तुमच्या शेजारीच उभी आहे. कधीचा हात वर करून उभी आहे बिचारी."

चष्मेवालीने मान वळवली नाही. वळवली असती तरी काय दिसणार होतं, एक पिवळा ठिपका. नजर पाण्यावर ठेवून तिने सावकाश उजवा हात काखेतून काढला आणि बाजूला केला. तो लगेच धरला गेला.

"सहा. बरोबर."

अकरा जणींनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यांतला एक तिचाही होता, याची तिला लाज वाटली.

५

बाहेर पडल्यावर सिस्टर तिच्यासाठी पायऱ्यांवर थांबली होती. साठीची बाई, केस अजून ओले. तिने इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"असं पुन्हा करू नकोस गं. सगळ्यांना अडकवून ठेवते ती पाण्यातली."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे?"

"मागच्या वर्षी आम्ही नऊ होतो. मी उरले होते." सिस्टरने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि तो पदराखाली घेतला. "सगळ्यांना जोडी असली की ती येत नाही. एक जण उरली की येते. मग बेकरीवाली आली, आणि एक दिवस माझ्या हातात चांगला गरम हात आला. मी तिथे पाण्यातच रडले बघ."

"मग मला आधी सांगितलं का नाही?"

"सांगून काय झालं असतं? तू आली नसतीस. पोहायला शिकली नसतीस." सिस्टरने पदर आणखी ओढून घेतला. "आणि मला वाटलं, तू आली नाहीस आणि उद्या बेकरीवाली सोडून गेली तर?"

एवढं खरं कोणी बोललं की त्यावर रागावताही येत नाही. चष्मेवाली तशीच घरी गेली.

६

आठवडाभर ती गेलीच नाही. दुकानात काम पडलंय, अशी नवऱ्याला थाप मारली. आपल्यावाचून दहा जणी उरतात, पाच जोड्या, म्हणजे कोणाचं काही अडत नाही, असा हिशेबही मनाशी घातला. बला टळली म्हणायची.

पण उजव्या हाताच्या बोटांच्या सुरकुत्या जाईनात. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. दुकानात काच हातात धरली की तिच्यावर ठसा उमटायचा तो नेहमीच्या रेघांचा नाही, वळ्यावळ्यांचा. ती काच पुसायची, परत धरायची, परत तेच. पाणी फार लागलं असेल, औषधाचं पाणी असतं, असं तिने मालकाला सांगितलं. मालक म्हणाला, "मलम लावा." तिने मलम लावलं. रात्री झोपताना तो हात ती उशीखाली घालायची, कोणी धरू नये म्हणून, आणि स्वतःवरच चिडायची.

सातव्या दिवशी खारू भांडी पुसताना म्हणाली, "आई, तू पण घाबरलीस ना?"

"नाही गं. काम होतं."

"घाबरलीस तरी चालेल," खारू समजूतदारपणे म्हणाली. "मग आपण दोघी नाही जायचं पाण्यात. कधीच."

ते 'कधीच' तिच्या काळजाला लागलं. तळ्याच्या पायरीवर पाय उचलला नव्हता, ते एकदाचं झालं. आता ही पोर जन्मभर पाय उचलणार नव्हती, आणि कोणामुळे?

आणि मग तिला ते सुचलं. इतकं सोपं होतं की आधी कसं सुचलं नाही याचंच नवल. त्या अकरा होत्या. खारू आली तर बारा. बारा जिवंत, गरम हातांच्या. सहा जोड्या पूर्ण, कोणी उरायचं नाही. सिस्टरनेच सांगितलं होतं, सगळ्यांना जोडी असली की ती येत नाही. खारूचा हात आपण धरायचा. एका दगडात दोन पक्षी.

यातला कोणता पक्षी आपल्याला जास्त हवा आहे, हे तिने स्वतःला विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

"नऊ पूर्ण आहेत ना? मग आणा," शिट्टीबाई म्हणाल्या. "आईबरोबर मुलं पटकन शिकतात."

७

खारूला पिवळी टोपी मोठी झाली, ती भुवयांपर्यंत आली. पहिल्या पायरीवर ती दहा मिनिटं उभी राहिली. आईने तिला घाई केली नाही. मग खारू स्वतःच म्हणाली, "तू आहेस ना?" आणि उतरली. पाणी तिच्या छातीला लागलं. दुसऱ्या पायरीवर ती थरथरत होती, खाली आल्यावर हसत होती. चष्मेवालीला इतका आनंद झाला की त्या पाण्यात आणखी काही असू शकतं हे ती खरोखरच विसरली.

तिने तिला दांडी धरून पाय मारायला शिकवलं, बुडबुडे काढायला शिकवलं. "गुडघे वाकवू नकोस," ती म्हणाली, आणि शिट्टीबाई काठावरून हसल्या. अर्धा तास कसा गेला कळलंसुद्धा नाही. ती दांडीपाशी पुढे होती, खारू मागे, हाताच्या अंतरावर.

शिट्टी वाजली.

तिने मागे हात केला. हात मिळाला. बोटांना सुरकुत्या होत्या, पण अर्ध्या तासाच्या, साध्या. आणि तो गरम होता! तिने तो उंच उचलला. डोळ्यांत पाणीच आलं.

"सहा. बरोबर."

मग तिच्या लक्षात आलं की हा हात मोठा आहे.

"मीच गं," सिस्टरचा आवाज कानाशी आला. घाईघाईचा, अपराधी. "आज बेकरीवाली आली नाही. मला... मला तूच जवळ दिसलीस."

दहा बायका आणि एक पोर. अकरा. चष्मेवालीने गर्रकन वळून पाहिलं. मागे दांडीपाशी कोणी नव्हतं.

"खारू!"

"मी इथे आहे, आई." आवाज शांत होता, पण लांबून येत होता. "ही मला नेतेय. तुझी मैत्रीण आहे ना?"

लांबवर एक छोटा पिवळा ठिपका आणि एक मोठा पिवळा ठिपका जोडीने चालले होते. दोन्ही हात वर, नियमाप्रमाणे. तांबड्या-पांढऱ्या दोरीकडे. दोरीपलीकडे डोक्यावर पाणी होतं. शिट्टीबाई वहीत काहीतरी लिहीत होत्या. जोड्या भरल्या होत्या, मग कशाला बघतील?

"आई, हिचा हात खूप गार आहे," खारू म्हणाली. आणि मग, जरा वेगळ्या आवाजात, "आई, पाय टेकत नाहीयेत."

चष्मेवालीने हात हिसडला. "सोडू नकोस, मोजणी चालू आहे, सगळे अडकतील!" सिस्टर म्हणाली आणि तिने दोन्ही हातांनी धरलं. चष्मेवालीने तिला असं ढकललं की म्हातारी पाठीवर पडली. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, तिने पाय उचलला.

कशी पोहली ते तिला सांगता आलं नसतं. गुडघे वाकले असतील, श्वास चुकला असेल. दोरी छातीला लागली, ती तिच्याखालून गेली. खाली जमीन नव्हती. छोटा ठिपका एकदा वर आला, एकदा खाली गेला. दुसऱ्यांदा खाली जायच्या आत तिने पोरीला कमरेतून धरून वर काढलं आणि दोरीवर टाकलं. खारू खोकत दोरीला बिलगली. पण तिचा उजवा हात अजून पाण्यात होता, ताणलेला, आणि खालून कोणीतरी तो ओढत होतं.

चष्मेवालीने चाचपून ती बोटं शोधली. मऊ, फुगलेली, ओळखीची. एकेक बोट उलगडायचा प्रयत्न केला, तर उलगडलेलं बोट परत मिटायचं. तेव्हा तिला कळलं की ही मूठ रिकामी राहायची नाही. तिने आपली बोटं खारूच्या बोटांच्या शेजारी आत सरकवली आणि वाट पाहिली.

मूठ जराशी सैल झाली. खारूचा हात सुटला. मग ती परत मिटली.

८

दुसरी शिट्टी वाजली. सगळ्यांनी हात सोडले.

खारू दोरीला धरून धरून उथळ बाजूला गेली. सिस्टरने तिला पायऱ्यांवर घेतलं, टॉवेलात गुंडाळलं. ती रडत होती, खारू नव्हे, सिस्टर. बायका जोडीजोडीने वर चढत होत्या. "झालं बाई आजचं," नणंद म्हणत होती.

चष्मेवाली एका हाताने दोरी धरून पाण्यात लटकली होती. दुसरा हात पाण्याखाली होता. ते तिच्या बाजूला वर आलं, अगदी सावकाश. आधी पिवळा ठिपका. मग ठिपक्याला कडा आल्या. ते आणखी जवळ आलं, हातभर, मग वीतभर, आणि वीतभर अंतराच्या आत तिला सगळं लख्ख दिसायचं. टोपीची शिवण दिसली. टोपीखाली पोहायचा चष्मा होता. त्याच्या काचांमागे, आतल्या बाजूने, काठोकाठ पाणी भरलेलं होतं. त्या पाण्यात दोन डोळे उघडे होते आणि ते तिच्याकडे पाहत होते, ती तरंगायला शिकली त्या दिवशी तिने छताकडे पाहिलं होतं तसे, निवांत. तिने डोळे मिटून घेतले.

"आई, तू पोहलीस!" पायऱ्यांवरून खारू ओरडली. "एवढं लांब! मी पाहिलं! उद्या मी पण पोहणार!"

"हो," चष्मेवाली म्हणाली. आवाज नीट निघाला याचं तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. "नक्की पोहशील."

"चल ना मग बाहेर."

"तू पुढे हो. सिस्टरबरोबर जा. केस नीट पूस."

शिट्टीबाईंनी कडी काढली. जाता जाता त्यांनी तलावाकडे एक नजर टाकली आणि त्यांचं समाधान झालं. "तुम्ही दोघी या सावकाश," त्या म्हणाल्या, "घाई नाही," आणि अर्धे दिवे घालवून वर गेल्या.

खारूची ओली पावलं जिन्यात वाजत होती. मधेच थांबली. "आई, मी थांबू का?"

"नको गं बाळा," ती म्हणाली. "बाबांना सांग, आईला वेळ लागेल."

पावलं परत वाजायला लागली. चष्मेवाली ती मोजत राहिली, एकवीसपर्यंत. वरचं दार उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज आला. मग तिने दोरी सोडली, कारण ती धरून आता काही उपयोग नव्हता.